पुण्यश्लोक अहिल्यादेवी आणि स्वकर्तव्याची ओळख

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळ हे गाव दोन गोष्टींकरिता सर्वश्रुत आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी अखंड डोंगर वरून खाली कोरीत आणून घडविलेले कैलास लेणे ही पहिली, आणि बारा ज्योतिर्लिंगांपैकी श्रीघृष्णेश्वराचे देवालय ही दुसरी. या देवालयाचा जीर्णोद्धार सोळाव्या शतकाच्या अखेरीस वेरूळकर मालोजीराजे भोसले यांनी केला. पुढे अठराव्या शतकात होळकर घराण्याने तेच कार्य पुन्हा हाती घेतले. त्या कार्याशी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई व स्नुषा अहिल्यादेवी या दोघींचीही नावे जोडलेली आहेत. तांबड्या पाषाणाचे ते मंदिर आणि जवळचे शिवालय तीर्थ पाहून परत फिरणाऱ्या यात्रेकरूच्या मुखी अहिल्यादेवींचे नाव आल्याशिवाय राहत नाही.

आपल्या धनगर समाजातील प्रत्येक घरी त्यांची तसबीर असते. वेरूळ, काशी, सोमनाथ, गया अशी त्यांच्या कार्याची यादीही लहान मुलांना पाठ असते. 2025 साली त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा ही यादी ठिकठिकाणी पुन्हा वाचली गेली. परंतु शाळेत इतिहास शिकविताना आम्हांस नेहमी असे वाटत आले, की यादी पाठ करणे सोपे आणि ती घडली कशी हे समजणे अवघड. ज्या स्त्रीचे पती, श्वशुर आणि पुत्र सुमारे तेरा वर्षांत निघून गेले, तिला एवढे कार्य करण्याचे बळ आले कोठून? आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याचे उत्तर एकच आहे. आपले काय आणि आपले नव्हे काय, हे त्यांनी स्वतःच्या मनाशी स्पष्ट ओळखले होते. त्या दृष्टीने त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

अहिल्यादेवींचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. 1733 साली, वयाच्या आठव्या वर्षी, त्यांचा विवाह सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी झाला. मल्हारराव हे जेजुरीजवळील होळ गावचे. बालपणी मामाच्या घरी खानदेशात मेंढरे राखीत वाढलेल्या या पुरुषाने तलवारीच्या जोरावर माळव्यात दौलत उभी केली होती. माणसाची पारख हा त्यांचा मोठा गुण. सुनेची बुद्धी त्यांनी लवकरच हेरली आणि लिहिणे, वाचणे, हिशेब तपासणे, टपालाची उत्तरे देणे, फौजेच्या रसदेकडे लक्ष पुरविणे ही कामे हळूहळू तिच्यावर सोपविली. घरात गौतमाबाईंसारखी करारी सासू होती. 1734 साली पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे खासगीची स्वतंत्र जहागीर मिळाली होती. तिचे उत्पन्न वर्षाला तीन लक्ष रुपयांच्या आसपास होते. ही खासगी पुढे अहिल्यादेवींकडे आली. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तिचा संबंध पुढे येणार आहे.

मार्च 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्यादेवी तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. पुत्र मालेराव व कन्या मुक्ताबाई दोघेही लहान होते. तत्कालीन रूढीस अनुसरून त्या सती जाण्यास सिद्ध झाल्या. वृद्ध मल्हाररावांनी त्यांस आवरले. पुत्र गेला, आता सूनही गेली तर या दौलतीचा आणि आपल्या म्हातारपणाचा आधार तुटेल, अशी त्यांची विनवणी होती. अहिल्यादेवी थांबल्या. लोक काय म्हणतील हे भय त्या काळी आजच्यापेक्षा शतपटीने मोठे होते. ते बाजूस सारून, हा देह आता आपल्या एकटीच्या दुःखाचा नव्हे, त्यावर इतरांचाही हक्क आहे, असे त्यांनी मानले. त्यांच्या पुढील आयुष्याचे मूळ आम्हांस या एका निर्णयात दिसते.

त्यानंतरची बारा वर्षे ही त्यांच्या शिक्षणाची वर्षे होत. मल्हारराव उत्तरेत मोहिमेवर असत आणि मागची व्यवस्था अहिल्यादेवी पाहत. 1765 साली चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जावे, तोफखाना व दारूगोळ्याची तजवीज करावी, अशा सूचना मल्हाररावांनी त्यांस पत्राने पाठविल्याचे प्रसिद्ध आहे. 20 मे 1766 रोजी आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले. सुभेदारीची वस्त्रे मालेरावांस मिळाली, पण पुढल्याच वर्षी, 1767 मध्ये, तेही वारले. आता घरात गादीस वारस उरला नाही.

अशा वेळी दुःखितेच्या भोवती सल्लागारांची गर्दी होते. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेऊन कारभार आमच्या हाती द्यावा, असा घाट घातला आणि राघोबादादा फौजेसह क्षिप्रेपर्यंत आले. अहिल्यादेवींनी शिंदे, गायकवाड, नागपूरकर भोसले यांस पत्रे धाडली, माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली आणि इकडे लढण्याची तयारी केली. स्त्रियांची तुकडी घेऊन आपण स्वतः रणात उतरू, आपण हरलो तर कोणी हसणार नाही, पण आपण हरलात तर तोंड दाखविण्यास जागा राहणार नाही, असा निरोप त्यांनी दादासाहेबांस पाठविल्याचे सांगतात. दादासाहेब मालेरावांच्या दुखवट्यास आलो असे म्हणून माघारी फिरले. थोरल्या माधवरावांनीही अहिल्यादेवींचा हक्क मान्य केला.

येथवरची कथा शौर्याची आहे. आम्हांस त्यापुढील वर्तन अधिक मोलाचे वाटते. सत्ता हाती आल्यावर सर्वच आपण करावे असा मोह भल्याभल्यांस होतो. अहिल्यादेवींनी कारभार, न्याय व वसूल स्वतःकडे ठेवले आणि फौजेचे आधिपत्य मल्हाररावांच्या विश्वासातील तुकोजी होळकरांकडे दिले. तुकोजी वयाने वडील असूनही त्यांस आई म्हणत. दोघांमध्ये पैशावरून तक्रारी झाल्या, कारण दूरच्या मोहिमांचा खर्च कधीच पुरत नसे. तरीही ही वाटणी सुमारे अठ्ठावीस वर्षे, अहिल्यादेवींच्या अखेरपर्यंत, टिकली. आपल्याला काय येते हे जाणणे हा आत्मपरीक्षणाचा अर्धा भाग. कोणते काम दुसऱ्याने करावे हे जाणून ते त्याच्या हाती देणे हा दुसरा अर्धा, आणि तो अधिक कठीण.

दुसरी रेषा त्यांनी पैशात ओढली. राज्याचा महसूल म्हणजे दौलत. ती फौज व कारभार यांकरिता. गौतमाबाईंपासून आलेली जहागीर म्हणजे खासगी. ती घरच्या धनिणीची. वेरूळसारख्या क्षेत्रांची कामे, काशीविश्वनाथाचे मंदिर, सोमनाथचे नवे देवालय, गयेचे विष्णुपद मंदिर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांचा खर्च त्यांनी या खासगीतून चालविला. यांतील बहुतेक क्षेत्रे त्यांच्या राज्याबाहेरची होती. तेथून एक कवडी वसूल येणार नव्हता. रयतेच्या करातून परमुलखात देवळे बांधण्याचा अधिकार आपणांस नाही आणि आपल्या वाट्याचे मात्र साठवून ठेवण्याचे कारण नाही, असा जणू त्यांचा हिशेब होता. राघोबादादांनी मल्हाररावांच्या संचयातून द्रव्य मागितले तेव्हा अहिल्यादेवींनी त्यावर तुळशीपत्र ठेवून ते धर्मार्थ वाहिले, अशीही कथा आहे.

तिसरी रेषा स्वतःच्या नावाभोवती होती. राजपत्रांवर त्या आपले नाव न घालता श्रीशंकराचे नाव घालीत. राज्य शंकराचे, आपण त्याच्या कारभारी, ही त्यांची धारणा होती. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतिपर ग्रंथ रचून वाचून दाखविला. तो त्यांनी शांतपणे ऐकला, एवढ्या स्तुतीस आपण पात्र नाही असे म्हटले आणि ग्रंथ नर्मदेत सोडावयास लावला. इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम यांनी अहिल्यादेवींस पाहिलेल्या लोकांकडून माहिती मिळवून 1823 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही हकिकत दिली आहे.

त्यांची दिनचर्याही माल्कम यांनी नमूद केली आहे. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म व साधे भोजन झाले की दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दरबार. सायंपूजा आटोपल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. महेश्वरी नर्मदातीरी साध्या वाड्यात, पांढऱ्या वस्त्रांत, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. या कामकाजात काय होते? निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा न करता तिला दत्तक घेण्याची मोकळीक होती. वाट अडविणाऱ्या भिल्लांस वाटसरूंकडून ठराविक लहानशी कवडी घेण्याचा हक्क आणि पडीक जमीन देऊन त्याच वाटेच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर टाकलेली होती. महेश्वरात विणकरांस आश्रय होता, आणि तेथील मागावरची लुगडी आजही प्रसिद्ध आहेत. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी अहिल्यादेवींच्या उपदेशावरून तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, हे तर मराठी वाचकांस ठाऊकच आहे. स्वतःचे काम ओळखणाऱ्यास दुसऱ्याचेही काम ओळखता येते, असे आम्हांस यावरून वाटते.

मात्र स्वकर्तव्य सापडले म्हणजे दुःख टळते, असा समज कोणी करून घेऊ नये. नातू नथ्याबा अकाली गेला. पाठोपाठ 1791 साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. मातेने परोपरीने विनविले, परंतु कन्या ऐकेना. सदतीस वर्षांपूर्वी जी विनवणी मल्हाररावांनी केली ती फळास आली. तीच विनवणी अहिल्यादेवींनी केली ती मात्र फुकट गेली. नर्मदातीरी कन्येची चिता त्यांस आपल्या डोळ्यांनी पाहावी लागली. काही काळ त्या अन्नपाण्यावाचून राहिल्या, नंतर पुन्हा कामास बसल्या. 13 ऑगस्ट 1795 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

या जीवनास कृतार्थ म्हणावयाचे ते कशावरून? सुखावरून म्हणता येणार नाही, कारण सुख त्यांच्या वाट्यास थोडेच आले. जे काम आपले म्हणून ओळखले ते अखेरच्या दिवसापर्यंत हातून सुटले नाही, यावरूनच म्हणावे लागेल.

समाजबांधवांनो आणि भगिनींनो, आपल्या घरोघरी आज मुलेमुली शिकून नवनवीन व्यवसायांत शिरत आहेत. शेजाऱ्याचा मुलगा काय करतो हे पाहून मार्ग निवडण्यापूर्वी, आपल्याला काय येते आणि कोणाला आपली गरज आहे, हे दोन प्रश्न त्यांनी स्वतःस विचारावेत व वडीलधाऱ्यांनी त्यांस विचारू द्यावेत. ज्या घरी अकाली वैधव्य आले असेल तेथे मल्हाररावांचे स्मरण करावे. सुनेच्या हाती हिशेबाची वही द्यावी, तिला शिकवावे, तिच्यावर विश्वास टाकावा. आणि आपल्यापैकी ज्यांच्याकडे संस्थेचा पैसा व अधिकार आहे, त्यांनी खासगी कोणती आणि दौलत कोणती, हे रोज रात्री एकदा स्वतःशी तपासून पाहावे. तसबिरीस हार घालण्यास वर्षातील एक दिवस पुरतो. या तपासणीस मात्र तीनशे पासष्ट लागतात.