फँजिओचा संशय

अर्जेंटिनातल्या बाल्कार्सेचा हुआन मॅन्युएल फँजिओ मूळचा मेकॅनिक. १९५६ साली तो फेरारी संघात आला तेव्हा तीनदा जगज्जेता झाला होता. पण बेल्जियम आणि फ्रान्स, दोन्ही शर्यतींत आघाडीवर असताना त्याच्याच गाडीनं दगा दिला, आणि दोन्हीकडे जिंकला तो संघातलाच तरुण इंग्लिश पीटर कॉलिन्स. फ्रान्समध्ये तर इंधनाची नळी फुटली. कुठंतरी पाणी मुरतंय, या संशयानं फँजिओला घेरलं. स्वतःसाठी वेगळा मेकॅनिक मिळवल्यावरच तो शांत झाला. घातपाताचा पुरावा मात्र कधी पुढे आला नाही.

मग आली मोंझाची शेवटची शर्यत. फँजिओचं स्टिअरिंग निकामी झालं. तेव्हा सहकाऱ्याची गाडी घेऊन शर्यत पुरी करता येई, गुण निम्मे वाटले जात. लुइजी मुसोनं साफ नकार दिला. अजिंक्यपदाची आशा कॉलिन्सलाही होती. वय अवघं चोवीस. तो पिटमध्ये आला, उतरला आणि ज्याच्या मनात इतका संशय घर करून होता त्या फँजिओला गाडी देऊन मोकळा झाला! फँजिओ दुसरा आला, चौथ्यांदा जगज्जेता ठरला.

तरी पुढच्या वर्षी त्यानं फेरारी सोडलीच. मासेराटीतून न्युर्बर्गरिंगवर त्यानं कॉलिन्सलाही मागं टाकलं. त्याच न्युर्बर्गरिंगवर १९५८च्या ऑगस्टमध्ये कॉलिन्स अपघातात गेला. फँजिओ १९९५पर्यंत जगला.