विश्लेषण : सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनमधील रुग्णालयाचे प्रमुख कसे झाले?

चीनला मदतीसाठी गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी चौघे मायदेशी परतले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस परतले नाहीत. व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. पडद्यावरचे कोटणीस युद्धभूमीवरचे नायक आहेत. चिनी रुग्णांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांना आपले मानले, ते मात्र रुग्णालयातल्या रोजच्या वागण्यामुळे.

चीनला का गेले?

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या कोटणीसांनी मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पदवी घेतली. पुढील शिक्षणाची तयारी सुरू असतानाच जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि कोटणीस असे पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून रवाना केले. मुदत साधारण वर्षभराची होती. वाटेत चुंगकिंगमध्ये असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. ते परत फिरले असते तर कोणी दोष दिला नसता. पण पथकासोबत ते पुढे निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले.

रुग्णालय कसे होते?

१९४० मध्ये ते उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. तिथे कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून काम करत. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून संसर्ग होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला होता. त्यांच्या नावाचे रुग्णालय म्हणजे मोठी इमारत नव्हे. जखमी सैनिक खेड्यातल्या घरांमध्ये ठेवलेले असत, आणि जपानी फौजा जवळ आल्या की रुग्णांसह सगळा पसारा हलवावा लागे. औषधांचा कायम तुटवडा. १९४० च्या मोठ्या लढाईत कोटणीसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये ते या रुग्णालयाचे संचालक झाले. तेव्हा त्यांचे वय होते तीस.

आदर कशामुळे मिळाला?

शल्यकौशल्य तर होतेच. पण दुभाष्यामार्फत रुग्णाची वेदना कितीशी कळणार? कोटणीस चिनी भाषा शिकले. नुसती बोलण्यापुरती नव्हे, तर त्या भाषेत वर्ग घेण्याइतकी. परदेशी पाहुण्याला मिळू शकणारी वेगळी वागणूक त्यांनी नाकारली. इतर जे राळे खात, तेच त्यांच्या ताटात असे. ‘के दिहुआ’ हे चिनी नाव त्यांनी घेतले होते आणि गावकरी त्यांना त्याच नावाने ओळखत. एकटा डॉक्टर किती जखमींना पुरणार, हे जाणून ते नवे वैद्यकीय कर्मचारी घडवत होते, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहीत होते. १९४१ च्या अखेरीस त्यांनी तिथल्याच परिचर्या-शिक्षिका गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले इनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

अखेर कशी झाली?

कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी आघाडी सोडून जाण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला, पण हाताखालचे रुग्ण सोडून जाणे त्यांना पटले नाही. दुसऱ्यांना विश्रांतीची सक्ती करणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या बाबतीत हा हट्ट करावा, यावर वैद्यकीयदृष्ट्या वाद होऊ शकतो. त्याची किंमत मात्र मोठी होती. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पाठ्यपुस्तक अपुरे राहिले आणि मुलगा चार महिन्यांचाही नव्हता.

पुढे इनहुआनेही वैद्यकीय शिक्षण घेतले, पण पदवीच्या तोंडावर, १९६७ मध्ये तोही गेला. गुओ चिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या.