टपली न मारता

गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपचं वाय-फाय रोज रात्री तुटायचं. रोज म्हणजे रोज. सबमिशनची फाइल अर्धी अपलोड झाली की कनेक्शन गायब, पाच मिनिटांनी आपोआप परत, आणि पुन्हा गायब. माझ्या रूममेटकडे यावर एकच उपाय : लॅपटॉपच्या डोक्यात टपली. त्याने झालं नाही तर रीस्टार्ट. त्यानेही झालं नाही तर हॉस्टेलच्या राउटरला शिव्या.

त्याच दिवसांत मी टेक्निकल सेमिनारसाठी ६० गिगाहर्ट्झचं वाय-फाय हा विषय घेतला होता. (आपलं नेहमीचं वाय-फाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालतं.) वाचता वाचता धागा निघाला थेट १८९५ सालच्या कलकत्त्यापर्यंत. ६० गिगाहर्ट्झ म्हणजे ५ मिलिमीटर लांबीची लहर, आणि ती लहर तेव्हाच तयार करून बसलेले गृहस्थ म्हणजे जगदीशचंद्र बोस. मला ते शाळेत एका मार्काच्या प्रश्नापुरते माहीत होते : झाडांना संवेदना असतात हे कोणी दाखवलं? संपलं. वायरलेसशी त्यांचा काही संबंध आहे हे थर्ड इयरपर्यंत कळलं नाही, याची थोडी लाजच वाटली.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आता बांगलादेशात असलेल्या भागातला. वडील डेप्युटी मॅजिस्ट्रेट. अशा घरातला मुलगा इंग्रजी शाळेत जायचा, पण वडिलांनी त्यांना आधी गावच्या बंगाली शाळेत घातलं. वर्गात कोळ्याचा मुलगा, चपराशाचा मुलगा. मग कलकत्त्याचं सेंट झेवियर्स. माझं बरोबर उलटं झालं. मी केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये, आणि दहावीनंतर मराठीत लिहितेय ती आज पहिल्यांदा. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

१८८० मध्ये ते डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेले. तापाने प्रकृती खालावलेली, त्यात डिसेक्शन रूमचा वास सहन होईना. मेडिकल सोडलं, केंब्रिजला गेले आणि लॉर्ड रॅले यांच्याकडे फिजिक्स शिकले. १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागले. तिथला नियम असा, की भारतीयाला इंग्रज प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार. बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचाही निम्मा. त्यांनी भांडण केलं नाही, राजीनामा दिला नाही. शिकवत राहिले आणि पगार घेतलाच नाही. तीन वर्षं! घरावर वडिलांचं कर्ज, १८८७ मध्ये लग्न झालेलं, तरीही. शेवटी कॉलेजने नमतं घेतलं, मागच्या तारखेपासून पूर्ण पगार एकरकमी दिला आणि तो सगळा कर्ज फेडण्यात गेला. आमच्या स्टाफरूममध्ये हा परिच्छेद वाचला जाईल अशी आशा आहे.

संशोधन सुरू केलं तेव्हा वय पस्तिशीच्या पुढे. लॅब म्हणजे बाथरूमला लागून असलेली एक चिमुकली खोली. मदतीला एक कारागीर. तिथे उपकरणं बनवून त्यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये प्रयोग दाखवला. लहर भिंतींतून आरपार गेली, तिने पलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. मधे वायर नाही.

आता मुख्य गोष्ट. लहर पकडायला तेव्हा कोहेरर वापरायचे : काचेची नळी आणि आत धातूचा कीस. लहर आली की कण एकमेकांना चिकटतात, रोध कमी होतो, करंट वाहतो. पण लहर गेल्यावर ते चिकटलेलेच राहतात! पुढचा सिग्नल मिळायला नळीला टपली मारावी लागायची. चक्क एक छोटी हातोडी बसवलेली असायची. हे वाचल्यावर मी रूममेटकडे जरा आदराने पाहिलं.

बोस यांनी किसाऐवजी पोलादी स्प्रिंगा ओळीने दाबून बसवल्या, म्हणजे दाब स्क्रूने कमी-जास्त करता येतो. हे उत्तम चाललं, पण इंग्लंडात चालेल ते बंगालच्या दमट उकाड्यात कसं चालणार? पोलादावर गंज चढायचा आणि आज नीट असलेला रिसीव्हर उद्या बहिरा. म्हणजे ड्रॉपआउटच की! एखाद्याने नवीन स्प्रिंग बसवून विषय संपवला असता. बोस एकेक धातू घेऊन तपासत बसले. कोण किती सेन्सिटिव्ह, कोण चिकटून राहतो, कोण स्वतःहून मोकळा होतो. पोटॅशियमचं तर उलटंच निघालं, लहर आली की रोध वाढतो आणि नंतर आपोआप पूर्ववत. १८९९ मध्ये त्यांनी लोखंड आणि पारा वापरून टपलीची गरजच नसलेला कोहेरर रॉयल सोसायटीपुढे मांडला. गॅलेना या स्फटिकाचा डिटेक्टरही त्यांचाच. म्हणजे सेकंड इयरला आपण जे सेमीकंडक्टर रडत शिकतो, त्याची ही सुरुवातीची वापरातली वस्तू. त्याचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं, तेही मित्रमंडळींनी मागे लागून घ्यायला लावलं म्हणून. त्यातून पैसे त्यांनी कमावले नाहीत. मला हे पटत नाही, खरं सांगते. पण प्लेसमेंटच्या मोसमात मी कोण बोलणार.

दुसरा बिघाड याहून मजेशीर. रिसीव्हर बराच वेळ वापरला की मंदावतो आणि विश्रांती दिली की सुधारतो. त्याचा ग्राफ काढला तर तो थकलेल्या स्नायूच्या ग्राफसारखा दिसला. इथून ते वनस्पतींकडे वळले. १९०१ मध्ये लंडनला शरीरशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. फिजिक्सच्या माणसाने आपल्या हद्दीत राहावं असा एकूण सूर. १९०२ मध्ये त्यांनी पुस्तकच छापलं. त्यांचे काही निष्कर्ष पुराव्यापेक्षा पुढे गेले होते असं माझं मत आहे, पण वनस्पतींमध्ये विजेचे संकेत धावतात हे आज कोणी नाकारत नाही. १९१७ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली, १९२० मध्ये रॉयल सोसायटीने फेलो करून घेतलं. या सगळ्यात त्यांनी बंगालीत एक विज्ञानकथाही लिहिली, ज्यात केसांच्या तेलाच्या बाटलीने समुद्रातलं वादळ शांत होतं! २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला त्यांचं निधन झालं, ७९ वर्षं पूर्ण व्हायला सात दिवस बाकी असताना.

तो गंजाचा भाग वाचला त्या रात्री मी टपली बंद केली आणि वहीत रकाने आखले. वेळ, पाऊस, मेसनंतरची गर्दी, खोलीत कुठे बसले, चार्जर लावलाय का. माझा संशय पावसावर होता, रूममेटचा राउटरवर. अकरा रात्रींत चौदा वेळा कनेक्शन तुटलं. पाऊस कधी होता, कधी नव्हता. गर्दीचंही तेच. पण चौदाच्या चौदा वेळा चार्जर काढलेला होता.

बॅटरीवर गेल्यावर लॅपटॉप वीज वाचवायला वायरलेस कार्डाला डुलकी घ्यायला लावत होता. पॉवर सेटिंगमध्ये बॅटरीसाठीही कार्डाला पूर्ण ताकद दिली, कार्ड बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढली, आणि त्यानंतर एकदाही तुटलं नाही. राउटरची माफी मागायची राहिली आहे. रात्री चार्जर कोण काढत होतं आणि त्या सॉकेटमध्ये मॅगीसाठी काय लावत होतं, हे मात्र सांगता येणार नाही, कारण हे मासिक रेक्टर मॅडमही वाचतात.