दोन घराण्यांची चांदबिबी

चांदबिबीचे नाव काढले, की अहमदनगरचा भुईकोट किल्ला आणि हातात तलवार घेऊन तटावर उभी असलेली राणी आपल्या डोळ्यांसमोर येते. पण त्या लढाईच्या तीस वर्षे आधी तिच्या वाट्याला याहूनही अवघड काम आले होते. ज्या घराण्याशी वडिलांचे हाडवैर, त्याच घराण्यात तिला सून म्हणून जायचे होते.

सोळाव्या शतकात अहमदनगरला निजामशाही आणि विजापूरला आदिलशाही होती. दोन्ही राज्यांच्या सीमा एकमेकींना लागून होत्या. सोलापूरचा किल्ला कोणाचा, यावरून त्यांच्यात सतत लढाया होत. नवल असे, की या भांडणाला एक लग्नच कारण झाले होते. १५२४ मध्ये चांदबिबीचे आजोबा बुऱ्हाण निजामशाह यांचा विवाह आदिलशाही राजकन्या मरियम हिच्याशी झाला. सोलापूर आंदण म्हणून द्यायचे ठरले होते. ते मिळाले नाही, म्हणून युद्ध पेटले. वैर मुलांपर्यंत आणि नातवंडांपर्यंत पोहोचले.

चांदबिबीचा जन्म १५५० च्या सुमारास झाला. हुसेन निजामशाह हे तिचे वडील आणि खुंजा हुमायून ही तिची आई. ती लहान असतानाच विजापूरच्या अली आदिलशाहाने विजयनगरच्या रामरायाची मदत घेऊन अहमदनगरवर स्वारी केली. गावे उजाड झाली. त्या लहान मुलीसाठी अली आदिलशाह म्हणजे आपल्या घरावर चालून आलेला शत्रू होता.

पुढे रामरायाचे बळ फार वाढले. त्याला तोंड द्यायचे, तर दख्खनच्या सुलतानांनी आपसांतील वैर विसरणे भाग होते. १५६४ च्या सुमारास दोन लग्ने ठरली. चांदबिबी अली आदिलशाहाला दिली गेली आणि अलीची बहीण चांदबिबीचा भाऊ मुर्तझा याला. ज्या सोलापूरसाठी इतके रक्त सांडले होते, तो किल्ला या वेळी हुसेन निजामशाहाने लेकीसोबत आंदण दिला. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि रामराय मारला गेला.

हे लग्न राजकारणासाठी झाले होते. असे लग्न काम झाले की नावापुरतेच उरते. येथे तसे झाले नाही. अली आदिलशाह विद्येचा आणि ग्रंथांचा चाहता होता. चांदबिबीलाही अनेक भाषा येत असत, असे सांगतात. त्यांत अरबी, फारसी आणि तुर्कीबरोबर मराठी व कन्नडही होती. ती पतीबरोबर घोड्यावरून शिकारीला आणि मोहिमेवर जाई, राज्यकारभारात त्याला सल्ला देई, असेही म्हणतात. त्यांना मूल झाले नाही, तरी तिचा मान कमी झाला नाही. १५७९ मध्ये अलीने विजापूरमध्ये एक भव्य विहीर बांधली आणि तिला पत्नीचे नाव दिले. ती चांद बावडी आजही तेथे आहे.

दोन घराण्यांचे वैर मात्र या लग्नाने कायमचे मिटले नाही. मुर्तझा गादीवर आल्यावर भाऊ आणि पती पुन्हा एकमेकांशी लढले. मग १५७० मध्ये समेट झाला. दोघांनी एकाच वेळी पोर्तुगिजांवर चाल केली, अलीने गोव्यावर आणि मुर्तझाने चौलवर.

१५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. त्याचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला. तो अवघा नऊ वर्षांचा होता. त्याच्या वतीने चांदबिबी कारभार पाहू लागली. हे काही सरदारांना खुपले. किश्वरखानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. पुढे त्याचा पाडाव झाला आणि ती सन्मानाने परत आली. इतक्यात अहमदनगर आणि गोवळकोंड्याच्या फौजांनी विजापूरला वेढा घातला. तिच्यासाठी हा कसोटीचा क्षण होता. तटाबाहेर भावाचे सैन्य होते आणि तटाच्या आत पतीने मागे ठेवलेले राज्य. चांदबिबी डगमगली नाही. तिने विजापूरच्या रक्षणाची बाजू धरली. शत्रूला हात हलवत परत जावे लागले.

इब्राहिम मोठा झाला, तेव्हा त्याच्या बहिणीचे लग्न अहमदनगरच्या राजपुत्राशी झाले. नववधूला सोबत म्हणून चांदबिबी माहेरी आली. पुढच्या काही वर्षांत निजामशाही दरबारात दुफळी माजली. ही संधी साधून १५९५ मध्ये अकबर बादशाहाचा पुत्र मुराद याने अहमदनगरला वेढा दिला. भावाचा तान्हा नातू बहादूर याच्या नावाने चांदबिबीने किल्ला लढवला. सुरुंगाने तटाला मोठे खिंडार पडले. ती स्वतः तलवार घेऊन तेथे उभी राहिली. रातोरात खिंडार बुजवण्यात आले. या संकटात तिच्या मदतीला फौज निघाली ती विजापूरहून. जो इब्राहिम तिच्या देखरेखीखाली वाढला, त्यानेच ती पाठवली होती. अखेर १५९६ मध्ये वऱ्हाड घेऊन मुरादने तह केला.

मोगल पुन्हा आले. १६०० मध्ये किल्ला टिकणे कठीण दिसू लागले, तेव्हा चांदबिबीने बोलणी करण्याचा विचार केला. ती शत्रूला मिळाली, अशी आवई उठली आणि तिच्याच सैनिकांनी तिला ठार केले. थोड्याच दिवसांत किल्ला मोगलांच्या हाती गेला.

अहमदनगरजवळच्या डोंगरावर एक उंच इमारत आहे. या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात. लोक त्या इमारतीला चांदबिबीचा महाल म्हणतात. खरे तर ती सलाबतखान या वजिराची कबर आहे. पण माहेरच्या माणसांना तिचे नाव कुठेतरी जपून ठेवावेसे वाटले. सासरी तर ते पाण्याच्या काठी पतीनेच ठेवले होते. ज्या दोन घराण्यांना एकमेकांचे नावही सहन होत नव्हते, त्या दोघांनीही चांदबिबीला आपली मानले. तलवारीने मिळवलेल्या कोणत्याही विजयापेक्षा तिचा हा विजय मोठा आहे.