रंगांनी दगा दिला, रेघेने तारले : बेळगाव जिल्ह्याचे सुपुत्र लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगाव : चित्रकलेचा तास म्हणजे टाइमपास, असे म्हणणारे पालक आजही घरोघरी भेटतात. त्यांनी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या एका मुलाची गोष्ट जरूर ऐकावी.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन कधी रमले नाही. ओढ होती ती दोनच गोष्टींची, चित्रे आणि यंत्रे. पण चित्रे काढून पोट कसे भरणार? घरच्यांना ही काळजी होतीच. थोरले बंधू रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणरावांनी मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठले.

तिथे भलतेच निघाले. काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळतच नव्हता! चित्रकार व्हायला आलेल्या मुलासाठी याहून मोठा धक्का कोणता? रंगकाम सोडावे लागले. पण रेखाटनाला रंग लागत नाहीत. लक्ष्मणराव गावी परतले नाहीत, ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले. यंत्र आतून कसे दिसेल, कोणता भाग कुठे बसेल, त्याचे माप किती, हे कागदावर अचूक मांडण्याची ही विद्या. तिच्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. फावल्या वेळात तिथल्या वर्कशॉपमध्ये हात काळे करून ते यंत्रेही शिकले.

पुढे बढतीत डावलल्यावर त्यांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगाव गाठले. इथे १८८८ पासून दोघा भावांचे सायकलचे दुकान होते. दुकानाचा कारखाना झाला. कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर आधी कागदावर उतरले, मग लोखंडात. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. पण लक्ष्मणराव हटले नाहीत.

जम बसतोय तोच नवी वसाहत वसवण्यासाठी जागा सोडण्याची नोटीस आली. कारखाना न्यायचा कुठे? धावून आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये बिऱ्हाड हलले. निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि बेळगावच्या हातून एक मोठा उद्योग गेला.

चित्रकलेचे वेड घरात मात्र टिकले. पुतणे शंकरराव चित्रकला शिकले. वाडीतूनच १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याच्या या पत्रकाचेच पुढे गाजलेले 'किर्लोस्कर' मासिक झाले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. तोवर त्यांच्या नांगराने कितीतरी शिवारे उलथली होती. ज्याला रंग नीट ओळखता येत नव्हते, त्या मुलाचे ड्रॉइंग शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचले होते.