अरण्याचे ऋण

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे म्हणजे महाराष्ट्राचे वनवैभव होय. साग, मोह, तेंदू आणि बांबू यांनी येथील राने भरलेली आहेत. या रानांशी बाबा आमटे यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. हेच बाबा एके काळी हौशी शिकारी होते, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल!

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार घराण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षीच त्यांच्याजवळ स्वतःची बंदूक होती. हरणे व रानडुकरे यांच्या मागावर ते रानोमाळ हिंडत. घरात कशाचीच ददात नव्हती. ती शिकार पोटासाठी नव्हती, केवळ मौजेसाठी होती.

पुढे ते वकील झाले. परंतु महात्मा गांधींच्या विचारांनी त्यांचे जीवन पालटले. ऐश्वर्य मागे टाकून १९५१ साली ते पत्नी साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा कुष्ठरुग्ण यांच्यासह वरोड्याजवळच्या खडकाळ माळावर राहावयास आले. तेथे सापविंचवांचा सुळसुळाट होता. बिबटे वस्तीतील कुत्री उचलून नेत. त्याच माळावर कष्टाने आनंदवन फुलले.

१९७३ साली बाबांनी भामरागडच्या घनदाट अरण्यात, हेमलकसा येथे, माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आणि स्नुषा डॉ. मंदाकिनी यांनी तेथे रुग्णसेवा आरंभिली. एके दिवशी काही माडिया शिकार केलेली माकडीण घेऊन चालले होते. मेलेल्या आईला तिचे पिलू घट्ट बिलगले होते! डॉ. प्रकाश यांनी तांदूळ देऊन ते पिलू मागून घेतले. माडियांची शिकार भुकेपोटी होती. भुकेल्याला दोष देऊन काय उपयोग? म्हणून तेथे शेतीचे शिक्षण दिले गेले आणि पोरक्या पिलांसाठी प्राण्यांचे अनाथालयही उभे राहिले.

पुढे गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम येथे मोठी धरणे बांधण्याचे ठरू लागले. त्यांच्या पाण्याखाली अरण्य, त्यातील पशुपक्षी आणि माडियांची गावे बुडणार होती. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बाबांना बसणेही अशक्य झाले होते. तरीही त्यांनी 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभारले. अखेर ती धरणे झाली नाहीत.

गवतावर हरीण जगते, हरणावर वाघ जगतो आणि वाघाच्या देहाची माती होऊन तीतून पुन्हा गवत उगवते. या साखळीचा मनुष्य हा धनी नव्हे. तोही तिच्यातील एक दुवाच आहे. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचे निधन झाले. त्यांच्या देहाचे दहन झाले नाही. चितेसाठी लाकडे न जाळता तो तेथील भूमीतच पुरण्यात आला. बालपणी मौजेसाठी रानाकडून घेणाऱ्या त्या हातांनी आयुष्यभर रानाला परत दिले आणि शेवटी देहही मातीच्या स्वाधीन केला.