वटाण्याचा सिनेमा
(इयत्ता ४ थी)

दादासाहेब फाळके यांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे शास्त्री होते. दादासाहेब मुंबईला व बडोद्याला चित्रकला आणि फोटो काढणे शिकले. ते जादूचे प्रयोगसुद्धा करीत.

१९१० च्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्तावरचा परदेशी सिनेमा पाहिला. मंग त्यांच्या मनाने घेतले की आपल्या रामकृष्णाचा सिनेमा आपण काढायचा. पण शिकवणारे कोण? ते घरीच प्रयोग करू लागले. मेणबत्ती, भिंग आणि घराची भिंत, एवढ्यावर ते रोज फिल्म पाहत बसायचे. झोप नाही, त्यामुळे डोळे बिघडले आणि दिसेनासेच झाले. माझ्या मायने तर भिंगच उचलून ठेवले असते. औषधाने व चष्म्याने त्यांना पुन्हा दिसू लागले. लगेच विम्यावर कर्ज काढून ते १९१२ साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

आता सिनेमाला पैसे पाहिजेत. नुसत्या बोलण्यावर कोण देईल? तेव्हा दादासाहेबांनी एका कुंडीत वटाणे पेरले व कुंडीपुढे कॅमेरा ठेवला. महिनाभराहून जास्त दिवस ते थोडी थोडी चित्रे घेत गेले. ती सगळी भराभर दाखवली तर काय झाले! दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढली, सगळे एका मिनिटात. या सिनेमाचे नाव 'अंकुराची वाढ'.

त्या काळच्या सिनेमात एका सेकंदाला साधारण १६ चित्रे लागत. मी गुणाकार केला. १६ × ६० = ९६०. एका मिनिटाला इतकी चित्रे! आपल्या वावरातला हरभरा वाढताना कोणी पाह्यला आहे का? रोज पाहतो तरी दिसत नाही. दादासाहेबांनी ते दाखवले, म्हणून लोकांचा विश्वास बसला आणि कर्ज मिळाले.

तरी पैसे पुरले नाहीत. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. त्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री अंधारात फिल्मला भोकेही पाडायच्या. त्यांचे नाव पण मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे असे मला वाटते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. तो मुका होता. तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाने ते केले.

दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले.

चित्र कसे हलते ते घरी करून पाहता येते. जुनी वही घ्या. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात दाणा काढा. त्याच्या अलीकडच्या पानावर त्याच जागी जरासा फुटलेला दाणा, मंग थोडा मोठा कोंब, असे ३० पाने करा. जागा बदलली तर रोप उड्या मारते. माझी वही या फळ्याखाली सुतळीने बांधली आहे. शेवटच्या पानापासून अंगठ्याने पाने भरभर सोडा. ओढू नका, फाटतात.